राग, वैर आणि विसोबा

सेनगाव परिसरातून नर्सी नामदेव व औंढा नागनाथ या क्षेत्रांकडे जाणाऱ्या भाविकांस संत विसोबा खेचर यांचे नाव परिचित आहे. श्रीनामदेव महाराजांना औंढ्यास गुरूपदेश करणारे हे सत्पुरुष प्रारंभी ज्ञानदेवादी भावंडांचे कट्टर वैरी होते, असे परंपरा सांगते. वैर म्हणजे नेमके काय, हे जाणण्यास त्यांचे चरित्र उपयोगी आहे.

नित्याच्या बोलण्यात आपण राग आणि वैर यांत फारसा भेद करीत नाही. मानसशास्त्र तो करते. बस व पेरी या अभ्यासकांनी १९९२ साली सिद्ध केलेल्या प्रश्नावलीत क्रोध हा भावनेचा, आक्रमण हे कृतीचे आणि वैरभाव हा विचाराचा भाग मानला आहे. राग उसळतो व ओसरतो. वैर शांत चित्तानेही जपता येते. बांधावरून दोन भाऊ वर्षानुवर्षे बोलत नाहीत, तेव्हा त्यांच्या मनात रोज संताप असतोच असे नाही. 'तो वाईटच' हा निर्णय मात्र पक्का असतो.

जॉर्ज केली या मानसशास्त्रज्ञाने १९५५ साली याहून मार्मिक विचार मांडला. आपले अनुमान फसले हे उमगूनही ते खरे ठरावे म्हणून माणूस बळेच पुरावा वसूल करू पाहतो, तेच वैर होय.

संन्याशाची मुले पतितच, हे विसोबांचे अनुमान होते. मुक्ताबाईंना मांडे भाजण्यासाठी खापर मिळू नये, अशी तजवीज त्यांनी केली. ज्ञानदेवांनी योगबळाने पाठ तप्त केली व मुक्ताबाईंनी तीवर मांडे भाजले, अशी कथा आहे. ते पाहून विसोबांना 'ही चेटूकविद्या' असे म्हणता आले असते. त्यांनी तसे न म्हणता आपला निर्णयच मागे घेतला व ते शरण गेले.

वैर सोडणे म्हणजे न्याय्य हक्क सोडणे नव्हे. वाटणीचा दावा न्यायालयात चालू असतानाही भावाच्या आजारपणात त्याच्या दारी जाता येते. पसायदानातही दुष्टांचा नाश मागितलेला नाही. त्यांच्यातील दुष्टपणा जावा, एवढेच मागणे आहे.

भाविकहो, राग आवरण्यास क्षणाचा संयम पुरतो. वैर सोडण्यास मात्र समोरच्याविषयीचे आपले मत पुन्हा तपासावे लागते. नागनाथाचे दर्शन घेताना विसोबांचे स्मरण अवश्य करावे.