उपच्छायेतील मेंदू

पक्षाघात झालेल्या मनुष्याच्या मेंदूचा किती भाग मेला आणि किती अद्याप वाचविता येईल, हे आता काही मिनिटांत चित्ररूपाने पाहता येते. शिरेतून एक द्रव सोडावयाचा, तो मेंदूतून वाहत असता सी. टी. यंत्राने एकामागून एक चित्रे घ्यावयाची, आणि कोणत्या भागात तो केव्हा व किती पोचला ह्यावरून तेथील रक्तप्रवाहाचे गणित मांडावयाचे, अशी ही रीत आहे. जेथील प्रवाह निरोगी भागाच्या ३० टक्क्यांखाली उतरला तो भाग बहुधा गेला असे धरतात; त्याच्या सभोवती जो भाग उपाशी आहे पण मेला नाही, तोच उपचाराचा विषय. १९८१ साली आस्ट्रुप, सायमन व सीस्यो यांच्या लेखाने ह्या भागाचे जे नाव रूढ केले, ते ग्रहणाच्या परिभाषेतले आहे : उपच्छाया. नाव मोठे समर्पक आहे, कारण ग्रहण सुटू शकते.

ह्या चित्रापूर्वी सत्ता होती ती घड्याळाची. रक्ताची गुठळी विरघळविणारे औषध ३ तासांच्या आत दिल्यास गुण येतो, असे १९९५ साली अमेरिकेत सिद्ध झाले. २००८ साली युरोपातील प्रयोगाने ही मुदत साडेचार तासांवर नेली. परंतु रात्री धडधाकट निजलेला मनुष्य पहाटे वाचा गेलेला आढळला, तर त्याची वेळ कोठून मोजावयाची? तो शेवटचा बरा दिसला तेथून, असा नियम. म्हणजे बहुधा तो उपचाराबाहेरच. वास्तविक एकाचा मेंदू दोन तासांत जातो, तर दुसऱ्याचा आडवाटेच्या वाहिन्यांच्या आधाराने बारा तास तग धरतो. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या ‘डिफ्यूज-३’ ह्या प्रयोगात ६ ते १६ तास उलटून गेलेले रोगी चित्र पाहून निवडले व त्यांच्या धमनीतील गुठळी नळीने ओढून काढली. तीन महिन्यांनी अशा शंभरांतील ४५ जण स्वावलंबी होते. केवळ औषधांवर ठेवलेल्यांत १७. घड्याळ सर्वांस एका मापाने मोजीत होते. चित्राने प्रत्येकास त्याच्या स्वतःच्या मापाने मोजले. न्यायाच्या दृष्टीने ही मोठीच प्रगती होय.

येथवर वाद नाही. वाद आहे तो चित्र ‘नाही’ म्हणते तेव्हा. ह्याच प्रयोगात मृत भाग ७० घन सेंटिमीटरांहून लहान असलेलेच रोगी घेतले होते. अशा प्रयोगावरून रेषेच्या आतील मनुष्यांविषयी अनुमान निघते. बाहेरच्यांविषयी काहीच निघत नाही. परंतु मनुष्यबुद्धीची खोड अशी, की ज्याची परीक्षाच घेतली नाही त्यास ती नापास समजते. पुढे २०२२ साली जपानात मोठा भाग गेलेले २०३ रोगी मुद्दाम घेतले. गुठळी काढलेल्यांपैकी ३१ टक्के तीन महिन्यांनी निदान आपल्या पायांनी चालू लागले, इतरांपैकी सुमारे १३ टक्के. ‘आता उपयोग नाही’ हे वाक्य निसर्गाने उच्चारलेले नव्हते तर! जिवंत व मृत हा भेद सृष्टीचा. तीस टक्के आणि सत्तर घन सेंटिमीटर ह्या रेषा मात्र माणसांनी सोयीसाठी ओढलेल्या. त्यातही चित्र प्रवाह दाखविते, मरण नव्हे. फार लवकर काढलेल्या चित्रात मेलेला म्हणून दिसणारा भाग रक्त परत येताच जगलेला आढळतो.

आमच्या विट्याच्या भागातील गलाईवाले हिंदुस्थानभर पसरलेले आहेत. गलाईवाला सोन्याचा कस सांगतो; दागिना मोडावा की ठेवावा हे त्याने ठरवावयाचे नसते. परंतु येथे दागिन्याचा मालकच बहुधा वाचा हरपून पडलेला असतो, आणि प्रश्न जातो मुलाकडे. अर्धांग लुळे राहील पण माणूस राहील, हे चालेल काय? ‘खाटेवर का होईना, पण माणूस हवे’ असे आमच्याकडे सहज म्हणतात. हे म्हणणारा मुलगा असतो आणि कूस पालटणारी बहुधा सून असते, ही गोष्ट नीतिशास्त्राच्या ग्रंथांत सापडत नाही. उलट, पांगळे जिणे जगण्यास अयोग्य, असा निकाल धडधाकट वैद्याने द्यावा हेही आम्हांस मान्य नाही. पारावर बसून दोन शब्द बोलणारा म्हातारा स्वतःस निरर्थक मानीतच असेल असे नाही.

आणि ही सर्व चर्चा जो यंत्रापर्यंत पोचला त्याचीच. मोठी धमनी तुंबली असता सरासरीने दर मिनिटास १९ लक्ष मज्जापेशी नष्ट होतात, असा हिशेब २००६ साली मांडला गेला. विट्याहून कऱ्हाड काय किंवा सांगली-मिरज काय, वाहन दारात उभे असले तरी तासाभराची वाट. तेवढ्यात अकरा कोटींहून अधिक. शिवाय घरातील वडीलधारे आधी तेल चोळावयास बसतात ते वेगळेच. चित्र निघेल तेव्हा त्यात हे काहीच दिसणार नाही. दिसेल तो फक्त गेलेला भाग, आणि खाली त्याचे घनफळ.