आधी काढलेला घास

नखाएवढ्या बेडकासाठी एखाद्या गरीब देशाने वीज सोडावी काय? प्रश्न असा विचारला की उत्तर फार सोपे होते. माणसाच्या घरात दिवा लागायचा असेल तर बेडकाने बाजूला व्हावे, असे म्हणून आपण मोकळे होतो. मला या सोपेपणाचीच शंका येते.

टांझानियातील उड्झुंग्वा डोंगरात किहान्सी नदी कड्यावरून खालच्या रानात कोसळते. तिच्या तुषारांनी सदा भिजलेली जमीन जेमतेम २ हेक्टर. तेवढ्यातच एक पिवळा बेडूक राहत असे. त्याची मादी अंडी न घालता पिल्लेच प्रसवते. १९९६ साली तो शास्त्रज्ञांना सापडला, तेव्हा वर धरणाचे काम सुरू झाले होते. २००० सालापर्यंत बहुतेक पाणी विजेकडे वळले आणि दरीतले तुषार विरले. मग नळ्या टाकून कृत्रिम फवारे सुरू केले; ४९९ बेडूक न्यूयॉर्कच्या प्राणिसंग्रहालयात नेले. पुढे २००३ साली दरीत बुरशीचा रोग दिसला, आणि २००९ साली हा बेडूक रानातून नाहीसा झाल्याचे जाहीर झाले. परदेशी काचपेट्यांत वाढलेली त्याची संतती २०१२ साली पुन्हा दरीत सोडण्यात आली.

या कथेत दुष्ट कोणी नाही. विजेची गरज खरीच होती. पण गरज खरी असली म्हणून ऋण खोटे ठरत नाही. आपल्याकडे जेवणापूर्वी गोग्रास, काकबळी काढून ठेवीत. उरलेले खरकटे त्यासाठी चालत नसे. कावळ्याचा उपयोग काय, हे कोणी विचारीत नसे. आणि तो घास काढला म्हणून घरातले कोणी उपाशीही राहत नसे.

किहान्सीला वाटेकरी दिसला तो ताट वाढायला घेतल्यावर. नदी जे तुषार फुकट देत होती, ते माणसाला यंत्रे लावूनही पुरते देता आले नाहीत. धरणे, रस्ते, खाणी आपणही आखतोच. आखण्यापूर्वी तिथे कोण राहते ते पाहावे, त्याचा ओलावा बाजूला काढावा आणि उरलेल्यावर आपला हिशेब मांडावा, एवढेच माझे म्हणणे आहे.

आज घरोघर दिवे लागतील. ते लागावेतच. त्यांतले तेल कोणाच्या वाट्याचे, एवढे विचारून घेतल्याने उजेड काही कमी होत नाही.