पहिली सुई कोणाला?

भिलाईच्या कुरुदमध्ये आमच्या कोपऱ्यावर चिकनचं दुकान आहे. दर हिवाळ्यात तिथे एकदा तरी हा संवाद होतो. गिऱ्हाईक पिशवी पुढे करत विचारतं, "बर्ड फ्लू तो नहीं है ना, भैया?" दुकानदार कापलेली कोंबडी निळ्या ड्रममध्ये टाकतो, झाकण दाबून धरतो आणि म्हणतो, "होता तो पहले मैं मरता." गिऱ्हाईक हसतं, तोही हसतो. ड्रममधली फडफड थांबते आणि पाऊण किलोचा हिशेब होतो.

बरीच वर्षं मी हे वाक्य धंद्यातला विनोद म्हणून सोडून दिलं. मग २०२५ च्या सुरुवातीला रायगढच्या सरकारी पोल्ट्री फार्मात एच५एन१ सापडल्याची बातमी आली. हे रायगढ छत्तीसगडातलं, आपल्या महाराजांचं नव्हे. कोंबड्या, पिल्लं, अंडी, सगळं पुरलं गेलं. त्याआधी २०२१ च्या जानेवारीत आमच्या शेजारच्या बालोद जिल्ह्याचं नाव आलंच होतं. पुढच्या खेपेला दुकानात गेलो तेव्हा माझं लक्ष त्या माणसाच्या हाताकडे गेलं. डाव्या अंगठ्यावर सुरीची जुनी चीर, तिच्यावर भिजून सुटत आलेली पट्टी. हातमोजे नाहीत. कोपरापर्यंत रक्त आणि पांढरी पिसं चिकटलेली. त्याच हाताच्या पाठीनं त्यानं नाक पुसलं. तेव्हा कळलं, तो विनोद करत नव्हता. साथीच्या रोगांचं शास्त्र जे सांगतं तेच तो पाच शब्दांत सांगत होता.

माणसाला होऊ शकेल अशा बर्ड फ्लूवर लस तयार करणं हा मुळात विचित्र उद्योग आहे. तहान लागल्यावर विहीर खणू नये हे खरं, पण इथे कुठल्या गावाला तहान लागणार आणि तिथलं पाणी गोड निघेल की खारं, हेच ठाऊक नसतं. १९९७ साली हाँगकाँगमध्ये एच५एन१ पहिल्यांदा कोंबड्यांतून माणसांत आला. १८ जण आजारी पडले, ६ गेले. २००३ पासून जगभरात नोंदले गेलेले माणसांतले रुग्ण हजाराच्या आसपास आहेत, पण त्यांतले जवळजवळ निम्मे दगावले. माणसाकडून माणसाकडे सहज जाण्याची युक्ती या विषाणूला अजून साधलेली नाही. साधली, तर तोवर तो आजच्यासारखा राहिलेला नसेल. म्हणजे लस करायची ती एका न जन्मलेल्या शत्रूच्या अंदाजे चेहऱ्यावरून.

आणि करायची कशात? कोंबडीच्या अंड्यात! फ्लूच्या बहुतेक लशी आजही नऊ-दहा दिवसांच्या सजीव अंड्यांत वाढवतात. पण एच५एन१ आतलं पिल्लूच मारून टाकतो, मग लशीपुरता विषाणू वाढायचा कुठे? शेवटी त्याच्या जनुकांतला जहरी तुकडा काढून, उरलेलं बाह्यरूप अंड्यात निमूट वाढणाऱ्या प्रयोगशाळेतल्या एका जुन्या विषाणूवर चढवावं लागलं. एवढं करूनही माणसाचं शरीर या लशीला दाद द्यायला तयार नव्हतं. हंगामी फ्लूच्या लशीत प्रत्येक प्रकाराचे १५ मायक्रोग्रॅम पुरतात. २००७ साली अमेरिकेत मान्यता मिळालेल्या पहिल्या एच५एन१ लशीला ९० मायक्रोग्रॅमचे दोन डोस लागत, तरी अपेक्षित प्रतिसाद निम्म्याहून कमी जणांतच दिसला. पुढे शार्कच्या यकृतात सापडणाऱ्या स्क्वालीन या तेलाची जोड दिल्यावर चार मायक्रोग्रॅमच्या आतही काम भागू लागलं. मुळात साथ कोंबड्यांची, आणि तिच्यावरचा उपाय कोंबड्यांच्याच अंड्यांवर अवलंबून. साथीनं कोंबड्याच गेल्या तर अंडी कुठून आणायची?

भिलाईत राहणाऱ्या माणसाला अंड्यांतल्या लशीच्या या गोष्टीत एक ओळखीची खूण सापडते. आमच्याकडे रशिया म्हणजे पोलाद कारखाना. १९५५ चा करार, ४ फेब्रुवारी १९५९ ला पेटलेली पहिली झोतभट्टी, आणि तिच्या ओढीनं विदर्भातून इथे येऊन राहिलेली आमच्यासारखी मराठी घरं. पण रशियातून आणखी एक गोष्ट आली, ती पुण्याला. १९५७ च्या आशियाई फ्लूचा विषाणू लेनिनग्राडच्या शास्त्रज्ञांनी अंड्यांत २५ अंशांवर, म्हणजे त्याला नकोशा थंडीत, पुन्हा पुन्हा वाढवला. त्याचं नाव ए/लेनिनग्राड/१३४/१७/५७. त्यातला १७ म्हणजे थंडीतल्या तितक्या फेऱ्या. असा सोशिक झालेला विषाणू माणसाच्या गार नाकात जगतो, उबदार फुप्फुसात मात्र त्याचं काही चालत नाही. जागतिक आरोग्य संघटनेमार्फत तो सीरम इन्स्टिट्यूटला मिळाला आणि स्वाइन फ्लूच्या वेळी, २०१० साली, त्याच्याच पाठीवर नॅसोव्हॅक ही नाकात फवारायची लस उभी राहिली. सुई नको, डोस कमी, अंडीही कमी. याच घोड्यावर बर्ड फ्लूच्या एच५ चा स्वार बसवून थायलंडमध्येही चाचणी झाली. नुसत्या फवाऱ्यानं फारशी प्रतिपिंडं उठली नाहीत. पण वर्षभरानं त्याच लोकांना मृत विषाणूची एच५एन१ लस टोचली, तेव्हा त्यांचं शरीर ओळखीचा माणूस भेटावा तसं झटकन जागं झालं. माझ्या मते भारतासारख्या देशानं बघावी ती हीच वाट: आधी स्वस्तात ओळख करून ठेवायची, प्रसंग आला की जोर लावायचा.

पण शास्त्र थांबतं तिथे खरा पेच सुरू होतो. लशीला बीज लागतं आणि ते बीज कुणाच्या तरी मेलेल्या कोंबडीतून किंवा तापानं फणफणलेल्या माणसाच्या घशातून येतं. ते देणारा कोण?

भारतात तो पहिल्यांदा होता नवापूरचा. २००६ च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातल्या या गावी कोंबड्या पटापट मरू लागल्या. अर्धं स्टेशन महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातेत असं हे गाव. पोल्ट्रीवाले म्हणत होते, कोंबड्यांची नेहमीची मानमोडी आहे, दुसरं काही नाही. त्यांना दोष देववत नाही. मानमोडी म्हणजे नुकसान, बर्ड फ्लू म्हणजे दिवाळं, आणि माणूस दोन्हींतलं स्वस्त नाव घेतो. पण कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही. भोपाळच्या प्रयोगशाळेनं एच५एन१ सांगितला, १८ फेब्रुवारीला जाहीर झालं, आणि पांढऱ्या झग्यांतली माणसं शेडमध्ये शिरली. लाखो पक्षी मारले गेले. माणसांचे नमुने पुण्याच्या विषाणू संस्थेत तपासले; एकातही तो सापडला नाही. नवापूर सुटलं, पण पोल्ट्रीवाल्याच्या मनात गणित पक्कं बसलं. भरपाई मिळते ती सरकारनं मारलेल्या कोंबडीची. आधीच मेलेलीची नाही. एका शेडमध्ये आजार निघाला तर आज एक किलोमीटरच्या आतल्या सगळ्या कोंबड्या जातात, शेजाऱ्याच्या धडधाकटही. खरं बोलणाऱ्याला गाव शिव्या घालतं. २०२१ मध्ये नवापुरात पुन्हा तेच घडलं.

दुसरं बीज मेळघाटातलं. २०१९ च्या फेब्रुवारीत १७ महिन्यांच्या एका कोरकू मुलाच्या घशातल्या नमुन्यात एच९एन२ निघाला. माणसात या विषाणूची भारतातली ती पहिली नोंद. मूल बरं झालं. तो सापडला कारण बालमृत्यूंच्या एका अभ्यासासाठी तिथे नमुने घेतले जात होते, एरवी तो मेळघाटातला आणखी एक ताप ठरला असता. पुणे परिसरातल्या पोल्ट्री कामगारांच्या रक्तात तर त्याआधीच, काही जणांच्या, या विषाणूच्या खुणा मिळाल्या होत्या. त्यांना ते कळलंही नव्हतं. पुढे भोपाळच्या संस्थेनं एच९एन२ वर लस केली आणि २०२२ मध्ये तिचं तंत्र कंपन्यांना दिलं, त्यांत पुण्याचीही एक. ती लस कोंबड्यांसाठी. कामगाराच्या रक्तातली खूण शोधनिबंधात गेली, सुई कोंबडीच्या मानेत.

कोंबडीला लस देणं चूक, असं मी म्हणत नाही. उलट एच५ बाबतही नुसत्या कत्तलीचं धोरण किती दिवस पुरेल याची मला शंका आहे. फ्रान्सनं २०२३ पासून बदकांना लस द्यायला सुरुवात केली आणि तिथल्या साथी खूपच कमी झाल्या. यावर आक्षेप एकच आहे, पण तो खरा आहे: लस घेतलेला कळप आजार अंगात ठेवूनही टवटवीत दिसू शकतो, म्हणून तपासणी दुप्पट हवी. आपल्याकडे ती दुप्पट होईल का, हे वाचकानं आपल्या तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्याकडे बघून ठरवावं.

देणाऱ्याला काय मिळतं, हा प्रश्न जगासमोर मोठ्यानं विचारला तो इंडोनेशियानं. त्यांच्या रुग्णांतून घेतलेल्या विषाणूवर परदेशी कंपनी लस बनवणार आणि ती त्यांनाच परवडणार नाही, हे पाहून २००७ साली आरोग्यमंत्री सिती फादिला सुपारी यांनी नमुने पाठवणंच बंद केलं. जगभर ओरड झाली, आडमुठेपणा म्हणून. त्यातून २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेचा करार निघाला: विषाणू वाटून घ्यायचे, तर साथ आल्यावर लशीचा वाटाही द्यायचा. सुपारीबाईंची भाषा टोकाची होती, पण हिशेब चुकलेला नव्हता. नवापूरचा पोल्ट्रीवाला मानमोडी म्हणतो तेव्हा तोही नमुनाच अडवत असतो. फक्त त्याला मंत्रिपद नाही.

म्हणून या लशीची रांग कुठून सुरू होते, हा मला आतल्या औषधाइतकाच महत्त्वाचा प्रश्न वाटतो. करोनात रांगा लावल्या तेव्हा डॉक्टर पुढे, म्हातारे त्यांच्यामागे, आणि ते बरोबरच होतं. बर्ड फ्लूची रांग वेगळी आहे. २०२४ मध्ये फिनलंडनं जगात प्रथम अशी लस जोखमीचं काम करणाऱ्यांना द्यायला घेतली. यादीत होते फरसाठी प्राणी पाळणाऱ्या फार्मांतले मजूर, पोल्ट्रीतले कामगार, पशुवैद्य, प्रयोगशाळेतली माणसं. साधी यादी, विषाणू ज्या क्रमानं येईल त्याच क्रमाची.

आमच्या बाजूला राजनांदगावात पोल्ट्रीचा मोठा धंदा आहे, दुर्गजवळ अंजोऱ्याला पशुवैद्यक शिकवणारं विद्यापीठ आहे. अशी यादी इथे करायची तर नावं शोधावी लागणार नाहीत. शेडमधली मरतूक ज्यानं पहिल्या दिवशी कळवली त्याला पूर्ण भरपाई द्या, मेलेल्या कोंबड्यांचीही. आणि लस येईल तेव्हा पहिली सुई निळ्या ड्रमापाशी उभ्या असलेल्याला. तोवर निदान हातमोज्यांची एक जोडी, तिच्यासाठी कुठल्याही संशोधनाची वाट पाहायची गरज नाही.