धर्माच्या गाईचे दात

आश्विनातल्या नवरात्रात कोराडीस जगदंबेच्या दर्शनाला जाण्याचा आमचा परिपाठ फार वर्षांचा आहे. नागपूर मागे पडून वीजकेंद्राची धुराडी दिसू लागली, की वाटेवर पायी निघालेल्या माणसांची दाटी सुरू होते. ह्या दाटीत गळ्याभोवती गळपट्टा बांधलेली दहाबारा वर्षांची मुले कोणाला पाणी देताना, कोणा म्हातारीला हात देताना, चुकलेल्या पोराला त्याच्या आईपाशी पोहोचविताना दिसली, म्हणजे आम्ही दर्शनाची घाई विसरून घटकाभर तेथेच उभे राहतो. यंदा असेच उभे असता आमचे एक जुने स्नेही भेटले. पंचवीस वर्षे ते बालवीरांचे एक पथक चालवीत आले आहेत. वेतन नाही, बढती नाही, उलट पदरचे चार पैसे दरसाल खर्चावयाचे, असा हा त्यांचा व्यवसाय. कुशलप्रश्न झाल्यावर ते म्हणाले, ''सर, हे वर्ष शेवटचे. पुढल्या साली मी नाही.''

कारण विचारता कळले ते असे. त्यांच्या पथकात यंदा काही नवे नियम झाले. कोणाही प्रौढाने मुलाबरोबर एकट्याने राहू नये. प्रत्येक शिबिरास निदान दोन प्रौढ असावेत. आणि प्रत्येक स्वयंसेवकाने पोलिसांकडून आपल्या चारित्र्याची पडताळणी करून घ्यावी. ''पंचवीस वर्षे पोटच्या पोरांसारखी मुले सांभाळली, आणि आता माझ्यावरच पहारेकरी? धर्माच्या गाईचे दात मोजू नयेत म्हणतात. हे तर रोज मोजणार!'' असे म्हणताना त्यांचा आवाज कापला. त्यांच्या सचोटीविषयी आमच्या मनात तिळमात्र शंका नाही. तरीही त्या वेळी आम्हांस त्यांच्या बाजूने बोलता आले नाही, आणि विरुद्ध बोलण्याचे धैर्यही झाले नाही. जे तेथे बोलता आले नाही ते येथे लिहीत आहो.

प्रश्न वरवर लहान दिसतो. परंतु त्याच्या पोटात नीतीचा एक जुना प्रश्न दडलेला आहे. जो मोबदल्यावाचून सेवा करितो, त्याच्या सेवेची झडती घेण्याचा कोणास अधिकार आहे काय? आमच्या स्नेह्यांनी उच्चारलेली म्हण ह्याचे उत्तर नकारार्थी देते. पण त्या म्हणीत दान घेणारा आणि गाय वापरणारा एकच असतो, हे ध्यानात घेतले पाहिजे. ज्याला गाय मिळाली त्याने भाकड गाय मुकाट्याने पत्करली, तर तोटा त्याचा एकट्याचा. बालवीर-शिक्षकाच्या सेवेचे तसे नाही. ती सेवा स्वीकारतो पालक अथवा पथक, आणि तिचे बरेवाईट फळ भोगतो मुलगा. ज्याने दान मागितले नाही, ज्याला दात मोजता येत नाहीत, त्याच्या वतीने कोणीतरी दात मोजणे भाग आहे. निष्काम कर्म म्हणजे फळाची आसक्ती सोडणे होय. कर्माचा हिशेब सोडणे नव्हे.

सद्हेतू पुरेसा असता, तर इतिहासात काही दुःखद पाने लिहिली गेली नसती. ऑगस्ट 1912 मध्ये इंग्लंडात लेझडाउनच्या किनाऱ्याजवळ होडी उलटून नऊ मुले बुडाली. त्यांतील आठ लंडनच्या वॉलवर्थ भागातील बालवीर होते. चळवळ तेव्हा उणीपुरी पाच वर्षांची होती आणि उत्साहाला तोटा नव्हता. 18 जानेवारी 2024 रोजी बडोद्याच्या हरणी तलावात शाळेच्या सहलीची नाव उलटली. तीत बारा विद्यार्थी गेले, आणि त्यांच्याबरोबर दोन शिक्षिकाही गेल्या. नावेत तिच्या शक्तीपलीकडे माणसे भरली होती आणि अनेक मुलांच्या अंगी तरंगजाकिटे नव्हती. ह्या शिक्षिकांचे मुलांवर प्रेम नव्हते असे कोण म्हणेल? परंतु पाण्याला प्रेम कळत नाही. त्याला माणसांची संख्या कळते, नावेचे वजन कळते. तेथे कामास येतो तो नियम, आणि तोही नावेत पाय ठेवण्यापूर्वीचा.

ह्यावर कोणी म्हणेल, अपघाताचे ठीक. पण मुलाबरोबर एकटे न राहण्याचा नियम हा सरळसरळ संशय आहे, आणि सज्जनावर संशय घेणे हा अन्याय आहे. आम्हांस हे म्हणणे उथळ वाटत नाही. संशयाने माणूस खरोखरच दुखावतो. तथापि नियम सर्वांस सारखा लागू असला, म्हणजे तो कोणावरही संशय राहत नाही, हे विसरता कामा नये. बँकेच्या तिजोरीस दोन किल्ल्या असतात आणि त्या दोघांपाशी असतात. म्हणून त्या दोघांस कोणी चोर समजत नाही. उलट नियम नसेल तर काय होते? मग ज्याच्याविषयी शंका आली, त्याच्याच मागे पहारा बसवावा लागतो, आणि तो खरा अपमान होय. शंका चुकीची ठरली तर एका सज्जनाचे नाव गेले. खरी असून संकोचाने गिळली तर एका मुलाचे बालपण गेले. सर्वांस बांधणारा नियम ह्या दोन्ही अनर्थांतून वाचवितो.

संकोचाने गिळलेल्या शंकांचे पुढे काय होते, ह्याचा धडा अमेरिकेतल्या बालवीर संस्थेने जगास दिला आहे. त्या संस्थेने अपात्र ठरविलेल्या स्वयंसेवकांची गुप्त टिपणे कित्येक दशके कपाटात ठेविली होती. त्यांतील 1965 ते 1985 ह्या काळातील हजारो पाने ऑरेगन राज्यातील न्यायालयाच्या आदेशाने 2012 साली उघड झाली, तेव्हा मुलांवर झालेल्या किती अत्याचारांच्या तक्रारी कागदावर येऊन तेथेच थांबल्या होत्या हे लोकांस दिसले. फेब्रुवारी 2020 मध्ये संस्थेने न्यायालयापुढे दिवाळखोरी जाहीर केली, आणि बालपणी आपणांवर अत्याचार झाला असे सांगणारे ब्याऐंशी हजारांहून अधिक दावे दाखल झाले. आता ह्याच संस्थेची दुसरी बाजू पाहा. समलिंगी पुरुषास शिक्षक म्हणून नाकारण्याचा आपणांस हक्क आहे, हे तिने 2000 साली तेथील सर्वोच्च न्यायालयात भांडून पाच विरुद्ध चार मतांनी मिळविले होते. तो निर्बंध तिने 2015 साली उठविला. म्हणजे एका संपूर्ण वर्गास दारातून परत पाठविण्यासाठी तिने सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढा दिला, आणि ज्या व्यक्तींच्या विरुद्ध तक्रारी हाती होत्या त्यांचे कागद कुलपात ठेविले! वर्गाकडे पाहून उभा केलेला पहारा व्यक्तीच्या दुष्कृत्यापासून संरक्षण करू शकत नाही. तो केवळ संरक्षणाचा भास निर्माण करितो.

ह्या देशाला हे वर्गाचे पहारे नवे नाहीत. बेडन-पॉवेल यांनी 1907 साली ब्राउनसी बेटावर पहिले शिबिर भरविले, तेव्हा त्यातील सुमारे वीस मुलांत श्रीमंतांच्या शाळांतली मुले आणि श्रमिकांची मुले त्यांनी हेतुतः एकत्र आणिली होती. पण चळवळ हिंदुस्थानात आली, तेव्हा प्रथम ती युरोपीय व अँग्लोइंडियन मुलांपुरतीच राहिली. आमच्या मुलांच्या हाती शिस्त आणि संघटना आली तर ती राजकारणाकडे वळेल, असा राज्यकर्त्यांस संशय होता. तेव्हा अ‍ॅनी बेझंट आणि अरुंडेल यांनी मद्रासेस हिंदी मुलांसाठी निराळी संस्था उभारिली, आणि 1918 साली अलाहाबादेस मालवीय, कुंझरू व श्रीराम वाजपेयी यांनी सेवा समितीची बालवीर संस्था काढिली. 1921 साली बेडन-पॉवेल येथे आले आणि दार उघडू लागले. पुढे फाटाफूट झाली, जोड झाली, आणि अखेर 7 नोव्हेंबर 1950 रोजी भारत स्काउट्स आणि गाइड्स ही एक संस्था उभी राहिली. तिच्या वचनात 'ईश्वर' ह्या शब्दाच्या जागी ज्याला हवा त्याने 'धर्म' हा शब्द घ्यावा अशी मोकळीक आहे. एका शब्दाची ही सवलत लहान खरी. पण दार कसे बांधावे ह्याचा तो चांगला नमुना आहे. उंबरठा ठेवावा, पण तो ओलांडता यावा इतकाच उंच असावा.

येथवर आम्ही नियमांची बाजू घेतली. पण नियमांच्या नावाखाली आणखी एक प्रकार चालतो, आणि त्याविषयी बोलावयाचे तर आम्हांस स्वतःची एक गोष्ट सांगितली पाहिजे.

तीस वर्षांपूर्वी, नुकतेच अध्यापन सुरू केले असता, आम्हीही एका पथकाबरोबर जात असू. एका हिवाळ्यात कोराडीच्या बाजूस एका तळ्याकाठी मुक्काम होता. चोवीस मुले आणि आम्ही एकटे. दुसरा गृहस्थ यावयाचा होता. तो आला नाही, आणि मुलांचा हिरमोड नको म्हणून आम्ही तसेच निघालो. संध्याकाळी मुले मोजली ती तेवीस भरली. पुन्हा मोजली, तेवीसच. तेवीस मुलांस सोडून शोधावयास जावे, की एका मुलास सोडून तेवीस सांभाळीत बसावे? पाऊण तास आम्ही त्या तळ्याच्या पाण्याकडे पाहत हाका मारीत होतो. अखेर तो मुलगा सामानाच्या राहुटीत सतरंज्यांच्या आड सापडला. त्याला फेफऱ्याचा विकार होता. झटका येऊन गेल्यावर ग्लानीने त्याला तेथेच झोप लागली होती. कोणाचे काही बिघडले नाही. आम्ही घरी कोणास काही सांगितले नाही.

पण पुढल्या वर्षी आम्ही एक नियम केला. ज्यास असा विकार असेल त्याने मुक्कामास येऊ नये. कारण दिले, त्याच्याच सुरक्षिततेचे. त्याचे वडील वीजकेंद्रात कामास होते. ते सायकल घेऊन आले, दारात उभे राहिले आणि म्हणाले, ''गुरुजी, तुमचं बरोबर आहे. पण त्यानं दोर बांधायच्या साऱ्या गाठी शिकून ठेवल्या आहेत.'' आम्ही नियमाकडे बोट दाखविले. ते नमस्कार करून गेले.

तो नियम मुलासाठी नव्हता. तो आमच्यासाठी होता. त्या पाऊण तासाची भीती पुन्हा वाट्यास येऊ नये, आणि आलीच तर दोष आपणांकडे येऊ नये, एवढाच त्याचा हेतू होता. तेव्हापासून कोणताही नियम पुढे आला, की तो कोणाच्या आणि कशाच्या मध्ये उभा आहे, हे आम्ही प्रथम पाहतो. काही नियम मूल आणि इजा यांच्या मध्ये उभे असतात. काही प्रौढ आणि दोषारोप यांच्या मध्ये. दोहोंची भाषा एकच असते, दोहोंच्या तोंडी 'सुरक्षितता' हाच शब्द असतो. पण पहिल्या नियमाने प्रौढास कष्ट पडतात, आणि दुसऱ्याने मुलास. ओळखण्याची खूण हीच.

नियमांनी ह्या चळवळीचा प्राण जाईल, ही भीतीही अगदीच निराधार नाही. टोळीची जबाबदारी मुलांच्याच अंगावर टाकावी, हे तिचे मूळ तत्त्व. ज्याचा हात कधी भाजला नाही त्याला चूल पेटविता येत नाही. म्हणून आम्हांस असे वाटते, की जो धोका मुलास दिसतो आणि त्याच्या शक्तीच्या आटोक्यात असतो, तो त्याच्या वाट्यास येऊ द्यावा. विस्तव, चाकू, काटेरी वाट, रात्रीचा अंधार ह्यांत तो शिकतो. जो त्याला दिसू शकत नाही, म्हणजे नावेत किती माणसे जास्त झाली, तळ्याचा तळ कोठे खचतो, गोड बोलणाऱ्या माणसाच्या मनात काय आहे, तो अडविणे हे सर्वस्वी मोठ्यांचे काम. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणारा 2012 चा कायदा अपराध ठाऊक असून न कळविणे हाही अपराध मानितो, आणि त्यात स्वयंसेवकास सूट नाही, हे न्याय्यच आहे.

आता आमच्या स्नेह्यांकडे वळतो. ज्या नियमाने ते दुखावले, तो दोन प्रौढांचा नियम, पहिल्या जातीचा आहे. त्याचा भार मोठ्यांवर पडतो. आणि त्या हिवाळ्यात आम्ही तो पाळला असता, दुसरा माणूस नाही म्हणून मुक्काम पुढे ढकलला असता, तर एकाने तेवीस सांभाळली असती आणि दुसऱ्याने एकाचा शोध घेतला असता. एवढेच नव्हे, पुढल्या वर्षी त्या मुलास घरी ठेवण्याचे कारणही उरले नसते. कारण एक माणूस अधिक असता तर तो त्याच्यापाशी बसू शकला असता. जो दुसरा माणूस ह्यांना पहारेकरी वाटतो, त्याच्याच भरवशावर असे एखादे मूल आत येऊ शकते. मुलास नाकारण्यापूर्वी 'हा यावा म्हणून आपणांस काय करावे लागेल?' असा प्रश्न प्रत्येक पथकाने विचारावा. पुष्कळ वेळा त्याचे उत्तर 'आणखी एक माणूस' इतकेच असते.

तेव्हा त्यांनी पथक सोडू नये. दात मोजू द्यावेत. ते शाबूत आहेत हे आम्ही जाणतो. पण पुढच्या माणसाचे आम्ही जाणत नाही, आणि मोजण्याचा पाठ ह्यांच्यासारख्यांनी घालून दिला तरच पुढच्याला तो नाकारता येणार नाही. दुसरा माणूस मिळत नाही अशी त्यांची आणखी एक अडचण होती. त्यास आमच्यापाशी एक उत्तर आहे. आमचे वय झाले आहे, गाठी विसरल्या आहेत. परंतु संध्याकाळी मुले मोजण्याचे काम आम्हांस अजून येते. चारित्र्याच्या पडताळणीचा अर्ज आम्ही ह्याच आठवड्यात भरून देत आहो.