दोन्ही हेडलाइट एकदम गेले तर? (गीता १०.११)



आजचं चिंतन: भगवद्गीता, अध्याय १०, श्लोक ११.

भगवंत इथे सांगतात, भक्तांवर कृपा करावी म्हणून मीच त्यांच्या अंतःकरणात राहतो आणि अज्ञानातून आलेला अंधार ज्ञानाच्या तेजस्वी दिव्याने घालवतो.

दिवा म्हटला की माझ्या इंजिनिअर डोक्यात समईच्या आधी गाडीचे हेडलाइट येतात. समजा, रात्री घाटात आहात आणि ते बंद पडले. आधी गाडी सावकाश कडेला घ्यायची, चारही इंडिकेटर लावायचे. मग पहिला प्रश्न: एक गेला की दोन्ही? एकच गेला असेल तर बहुतेक वेळा बल्ब उडालेला असतो. पण दोन्ही एकाच क्षणी गेले, तर दोन बल्ब एकदम उडाले असण्याची शक्यता फार कमी. मग दोघांच्या सामायिक वाटेवर मागे मागे जायचं: फ्यूज, रिले, स्विच, अर्थिंगची वायर. ऑफिसात आपण हेच करतो ना? दोन सर्व्हिस एकदम डाऊन झाल्या, तर दोघी ज्यावर उभ्या आहेत ते आधी बघतो.

दोन वर्षांपूर्वी माझे बाबा गेले. त्यानंतर जपात मन लागेना, कामात लागेना, आणि आईशी बोलतानाही शब्द सुचेनात. उपाय सांगणारे पुष्कळ भेटले. कुणी म्हणे माळ बदल, कुणी म्हणे नोकरी बदल. सगळे बल्बच बदलायला सांगत होते! पण तिन्ही दिवे एकदम गेले होते, म्हणजे बिघाड मागे कुठेतरी होता. मागे होतं न रडलेलं रडू. मग मी रोज दहा मिनिटं देवासमोर नुसता बसायला लागलो. मोजून जप नाही, संकल्प नाही. जे मनात असेल ते सांगायचं, रागसुद्धा. उजेड एका दिवसात आला नाही. पण आला.

आता याच्या आधीचा, म्हणजे १० वा श्लोक बघा. ही कृपा कोणासाठी? जे सतत जोडलेले राहतात आणि प्रेमाने भजतात, त्यांच्यासाठी. मूळ शब्द 'युक्त', म्हणजे जोडलेला. 'योग' हा शब्दही त्याच धातूतून आला. मला यात मोठा दिलासा वाटतो. दिवा लावणं ही त्याची जबाबदारी आहे. आपल्याकडे फक्त वायर जोडलेली ठेवायचं काम आहे.

आणखी एक गोष्ट, थकलेल्या सगळ्यांसाठी. फ्यूज उडाला की तेवढ्याच अँपिअरचा नवा लावायचा. तोही लगेच उडाला, तर कुठेतरी शॉर्ट आहे, तो शोधायचा. १० च्या जागी ३० चा फ्यूज ठोकला तर फ्यूज टिकेल, पण वायर जळेल. शरीर 'बस' म्हणतंय आणि आपण चौथी कॉफी पिऊन, वर दोन माळा वाढवून पुढे रेटतोय, हा तोच प्रकार. फ्यूज उडतो तो गाडी वाचावी म्हणून. आणि आठवडेच्या आठवडे अंधार हटत नसेल, झोप-भूक उडाली असेल, तर डॉक्टरांना भेटा. मेकॅनिककडे गेल्याने गाडीवरचा विश्वास कमी होत नाही, तसा डॉक्टरांकडे गेल्याने देवावरचाही होत नाही.

आजचा अभ्यास छोटाच. कुठले कुठले दिवे मंद झालेत ते कागदावर लिहा. मग विचारा: हे सगळे एकाच वेळी कधी मंदावले? त्या दिवसापाशी देवाला सोबत घेऊन पाच मिनिटं बसा. उत्तर काढायची घाई करू नका. अंधार घालवतो असं त्याने म्हटलंय, आणि तो आधीपासूनच आत आहे.

राम कृष्ण हरी!