न नांगरण्याचें पुण्य

नांगर हें आमच्या देशांत केवळ अवजार म्हणून कधींच राहिलें नाहीं. जमीन नांगरतांना सांपडलेल्या मुलीला 'सीता', म्हणजे नांगराचें तास, असें नांव देणारे आणि बलरामाच्या खांद्यावर नांगर देऊन त्याला हलधर म्हणणारे आम्ही लोक आहों. ज्याचें शेत पेरणीपूर्वीं उभें-आडवें नांगरलेलें, ढेकळें फोडून वखरलेलें, तो कष्टाळू. ज्याच्या शेतांत मागल्या पिकाचीं धसकटें तशींच उभीं, तो आळशी, असा न्याय गांवोगांव होत आला. तेव्हां जमीन जितकी कमी उलथावी तितकी ती टिकते, बीं धसकटांतच पेरावें, असें शेतकीशास्त्रच जेव्हां सांगूं लागतें, तेव्हां प्रश्न केवळ शेतकीचा राहत नाहीं. श्रम तेवढें पुण्य अशी जी आमची समजूत, तिलाच तो धक्का आहे.

नांगराला दोष देणें मात्र अगदींच नवें नव्हे. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायांत, आपत्काळीं वैश्यवृत्तीनें राहण्याची वेळ आलेल्या ब्राह्मणानें व क्षत्रियानें शेती होतां होईल तों टाळावी असें सांगितलें आहे. आणि कारण दिलें आहे तें असें कीं, लोखंडी तोंडाचें तें लाकूड भूमीला व भूमींतल्या प्राण्यांना मारतें. कारण खरें आहे; गांडुळांचीं बिळें नांगराच्या एका फेरींत मोडतात हें कोणींही पाहावें. पण त्या कारणावरून काढलेला निष्कर्ष पाहा. शेती करूंच नये असें नव्हे, तर आपण करूं नये, दुसऱ्यानें करावी. त्या दुसऱ्यानें पिकविलेलें धान्य खाऊं नये असें कांहीं तेथें म्हटलेलें नाहीं. पाप नाहींसें झालें नाहीं, तें दुसऱ्याच्या खात्यावर चढलें. आम्हांस विचारावयाचें आहे तें एवढेंच कीं, आज नांगर सोडून जी शक्ति वांचविली म्हणून आपण समाधान मानतों, ती खरोखर वांचते, कीं हाही मनूचाच हिशेब आहे?

आजच्या चळवळीचा उगम कांहीं जीवदयेंत नाहीं. तो धुळींत आहे. अमेरिकेच्या गवताळ मैदानांवर पहिल्या महायुद्धाच्या सुमारास गव्हाला मोठा भाव आला, मागून ट्रॅक्टर आले, आणि जुनें गवत उलथून गहूं पेरला गेला. १९३० नंतर पाऊस हटला. मुळांनीं धरून ठेवलेली माती आतां मोकळी होती. ती वाऱ्यानें उचलली. १४ एप्रिल १९३५ च्या रविवारीं तेथें भर दिवसा काळोख झाला, आणि त्याच वर्षीं तेथील सरकारनें मृद्‌संधारणाचें खातें काढलें. १९४३ मध्यें एडवर्ड फॉकनर या गृहस्थांनीं 'प्लाउमन्स फॉली' हें पुस्तक लिहून, नांगरावें कां याचें शास्त्रीय कारण आजवर कोणीं दिलेंच नाहीं असें ठासून सांगितलें. शेतकऱ्याला मात्र एक कारण पक्कें ठाऊक होतें, तें म्हणजे तण. पुस्तक गाजलें, नांगर शेतांतून हलला नाहीं. प्रयोगशाळांतून तणनाशकें बाहेर पडलीं तेव्हां तो हलला. केंटकी संस्थानांत यंग नांवाच्या शेतकऱ्यांनीं एकराहून लहान तुकड्यांत न नांगरतां मका पेरला तो १९६२ सालीं. ब्राझीलमध्यें हर्बर्ट बार्ट्‌झ यांनीं हीच वाट धरली ती १९७२ मध्यें. म्हणजे नांगराच्या जागीं संयम आला असें आपण म्हणतों, तेव्हां संयमाच्या हातांत फवारणीचा पंप होता हेंही सांगितलें पाहिजे.

आतां हिशेब पाहूं. शेतींत खर्च होणारी शक्ति मोजण्याचीं जीं कोष्टकें आमच्याकडे रूढ आहेत, त्यांत एक लिटर डिझेल म्हणजे ५६.३१ मेगाज्यूल धरतात. उत्तर हिंदुस्थानांत भातामागून गहूं न नांगरतां पेरला तर हेक्टरीं सुमारें ३६ लिटर डिझेल वांचतें. म्हणजे दोन हजारांवर मेगाज्यूल. लाभ उघड आहे. शिवाय काडीखालीं ओल टिकते आणि माती वाहून जात नाहीं. परंतु त्याच कोष्टकांत नत्राच्या एका किलोला ६०.६० मेगाज्यूल पडतात, कारण हवेंतला नत्र खतांत आणण्यास कारखान्यांत प्रचंड उष्णता व दाब लागतो, आणि त्यासाठीं वायु किंवा कोळसा खर्चीं पडतो. गव्हाला हेक्टरीं १२० किलो नत्र देण्याची शिफारस आहे. गुणाकार केला तर सव्वासात हजारांवर मेगाज्यूल, म्हणजे जवळजवळ १२९ लिटर डिझेल, पोत्यांतून शेतांत ओतलें जातें. ट्रॅक्टरचा धूर दिसतो, त्याचा आवाज ऐकूं येतो, म्हणून त्याची बचत आपल्या सदसद्विवेकबुद्धीला लवकर सुचते. पोतें मुकें आहे.

याच कोष्टकांतला आणखी एक आंकडा आम्हांस फार दिवस टोंचत आहे. पुरुषाच्या एका तासाच्या कामाला त्यांत १.९६ मेगाज्यूल आणि स्त्रीच्या एका तासाला १.५७ धरले आहेत. ही मजुरी नव्हे, शरीराची शक्ति आहे, असें कोणी म्हणेल. तें मान्य करून पुढें जाऊं. समजा, एक शेत निंदण्यास वीस बायका आठ तास बसल्या. कोष्टकाप्रमाणें हे झाले २५१ मेगाज्यूल. एक किलो तणनाशकाला कांहीं कोष्टकें २३८ धरतात. म्हणजे शक्तीच्या वहींत वीस बायका आणि एक डबा यांचें पारडें जवळजवळ समतोल! वही खोटें बोलत नाहीं. तिला फक्त उष्णता मोजतां येते. वीस घरांत गेलेली मजुरी तिला दिसत नाहीं, आणि ज्या ग्लायफोसेटला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेनें २०१५ मध्यें 'बहुधा कर्करोगकारक' या वर्गांत घातलें, तें फवारणाऱ्याचे उघडे पायही तिला दिसत नाहींत. पण येथें एक गोष्ट आमच्यासारख्या शहरी वाचकांनींही जपावी. निंदणी म्हणजे कंबर मोडणारें काम. ज्यांनीं जन्मांत खुरपें धरलें नाहीं, त्यांनीं तिचें काव्य करूं नये.

हा पेंच परदेशाचाच आहे असें नाहीं. रायगड जिल्ह्यांत नेरळला श्री. चंद्रशेखर भडसावळे यांनीं 'सगुणा भात तंत्र' म्हणून जी पद्धत रूढ केली, तींत चिखलणी नाहीं, लावणी नाहीं. गादीवाफ्यांवर भात टोकावयाचा, आणि कापणीनंतर मुळें जमिनींतच कुजूं द्यावयाचीं. कोंकणांत भर पावसांत दिवसचे दिवस वांकून लावणी करणाऱ्या बायकांकडे ज्यानें पाहिलें आहे, त्याला ही सुटका लहान वाटणार नाहीं. त्या पद्धतींतही तणनाशकाला जागा आहे. आमच्या मतें येथें तागडी सुटकेच्या बाजूनें झुकते. मात्र औषध शिंपणाऱ्या गड्याला हातमोजे मिळाले किंवा नाहीं, या प्रश्नावर तिचें झुकणें पुष्कळसें अवलंबून आहे.

पंजाबांत तर हिशेबाची गुंतागुंत अशी झाली आहे कीं मनूनेंही हात टेंकावे. तेथील विहिरी खोल गेल्या, पाणी उपसण्यास वीज अतोनात लागूं लागली, म्हणून २००९ च्या कायद्यानें १० जूनपूर्वीं भाताची लावणी बंद केली. हेतु चांगला, आणि पाणीही वांचलें. परंतु लावणी लांबली तशी कापणी लांबली. गहूं तर नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत पेरला पाहिजे. मधल्या दोन-तीन आठवड्यांत हेक्टरीं सहाएक टन काडाचें करावयाचें काय? शेतकऱ्यानें काडी ओढली. जमिनीखालीं वांचलेली शक्ति अशी आकाशांत धूर होऊन गेली, आणि वारा पडलेल्या दिवसांत दिल्लीचीं मुलें तो धूर श्वासांत घेतात.

त्या काडांतूनच गहूं पेरणारें 'हॅपी सीडर' नांवाचें यंत्र लुधियानाच्या कृषि विद्यापीठानें ऑस्ट्रेलियन तज्ज्ञांच्या साह्यानें तयार केलें. २०१८ पासून मध्यवर्ती सरकार अशा यंत्रांवर अनुदान देत आहे. यंत्र चालतें, डिझेल वांचतें, काड जमिनीवर आच्छादन होऊन राहतें. पण तें ओढण्यास ४५ अश्वशक्तीचा ट्रॅक्टर लागतो, आणि वर्षांतून पंचवीसेक दिवस तें कामास येतें. बाकीचे अकरा महिने तें छपराखालीं उभें असतें. भात पंजाबांत पिकतो, त्याचा तांदूळ देशभरच्या रेशनच्या दुकानांतून जातो. अनुदान वजा जातां उरलेल्या कर्जाचें त्या अकरा महिन्यांचें व्याज मात्र, ज्यानें काडी न ओढण्याचें ठरविलें, त्याच शेतकऱ्याच्या नांवावर चढतें.