नाबोथाचा मळा आणि आपला दिवा



नाबोथाची गोष्ट आपल्याला ठाऊक आहे (१ राजे, अध्याय २१). राजवाड्याला लागून त्याचा द्राक्षमळा होता. अहाब राजाला तिथे भाजीपाला लावायचा होता. त्याने दुसरा मळा किंवा रोख किंमत देऊ केली. परंतु वाडवडिलांचे वतन द्यायला नाबोथ तयार झाला नाही. मग राणी ईजबेलने राजाच्या मोहरेची पत्रे धाडली, खोटे साक्षीदार उभे केले. नाबोथ दगडमाराने मेला आणि मळा राजाचा झाला. सारे कसे रीतसर, कागदोपत्री! भाजीपाला लावणे हे काही पाप नव्हे. पाप होते ते जमीन मिळवण्याच्या रीतीत.

आता आपल्या महाराष्ट्राकडे पाहू या. धुळे जिल्ह्यातील शिंदखेडा तालुक्यातल्या विखरणचे धर्मा पाटील हे वयोवृद्ध शेतकरी. दोंडाईचा सौरऊर्जा प्रकल्पासाठी त्यांची सुमारे पाच एकर जमीन गेली. मोबदला मिळाला अवघा चार लाखांच्या आसपास. आपल्या आंब्याच्या झाडांचा हिशेब नीट धरला नाही, इतरांना कितीतरी अधिक मिळाले, ही त्यांची तक्रार होती. दाद मागत ते दारोदार फिरले. अखेर २२ जानेवारी २०१८ रोजी त्यांनी मंत्रालयात विष घेतले आणि २८ जानेवारीला जे. जे. रुग्णालयात त्यांचा अंत झाला. त्यानंतर फेरमूल्यांकन झाले आणि मोबदल्याची रक्कम अनेक पटींनी वाढली. जीव देणे हा मार्ग नव्हे. त्यांना आपण देवाच्या दयेवर सोपवू या. पण जो हिशेब मेल्यावर करता आला, तो जिवंतपणी का करता आला नाही?

याचा अर्थ सौरऊर्जा नको, असा मुळीच नाही. आपल्या उपनगरांना वर्षानुवर्षे डहाणूच्या औष्णिक केंद्रातून वीज मिळत आली आहे. कोळशाचा धूर आणि बिघडलेला पाऊस यांची झळ गरिबालाच आधी लागते. ‘लाउदातो सी’ या २०१५ च्या परिपत्रकात पोप फ्रान्सिस यांनी धरतीचे दुःख आणि गरिबांचे दुःख एकत्रच पाहायला शिकवले. धूर नाही म्हणून वीज स्वच्छ ठरते. पण तिच्यामागे कुणाचे अश्रू असतील तर ती पुरती स्वच्छ कशी? साध्य चांगले असले म्हणून साधन आपोआप पवित्र होत नाही. दुसरी वाटही आहे. कर्नाटकातील पावगड येथे शेतकऱ्यांची जमीन विकत न घेता भाड्याने घेतली गेली. मालकी त्यांच्याकडेच राहिली. तिथेही भूमिहीन मजुराचा प्रश्न उरतोच, तोही आपण विसरता कामा नये.

कांदिवलीत बसून आपण काय करणार? आपल्या गावठाणांतल्या वडीलधाऱ्यांना विचारा. भातशेती गेली म्हणजे काय जाते, हे त्यांना सांगावे लागत नाही. आणि आपल्या इमारतींची छते रिकामी आहेत! २०२४ च्या प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत गृहनिर्माण संस्थांच्या सामायिक विजेसाठीही अनुदान आहे. छतावरच्या विजेसाठी कुणाचा मळा जात नाही. सोसायटीच्या पुढच्या सभेत हा विषय आपणच मांडू या.

आज घरी दिवा लावताना क्षणभर थांबू या. देव नाबोथाला विसरला नाही. त्याने एलियाला थेट त्या मळ्यात अहाबासमोर उभे केले. हे प्रभो, आमचा उजेड कुणाच्या अंधारावर उभा राहू नये, एवढी सद्बुद्धी आम्हाला दे. आमेन.